शेवटच्या रिळाआधीचं दार

बॅटरीबाईला कुणाच्या डोक्यात बॅटरी घालायची असली की ती आधी बॅटरी विझवायची. पेटती मारली तर बल्ब उडतो आणि दुसरा बल्ब लवकर मिळत नाही, एवढंच साधं कारण ती सांगे. अकोल्याच्या त्या टॉकीजमध्ये अंधाराचा फायदा घेऊन बायकांच्या वर्गात घुसणाऱ्या टवाळांना त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती : तोंडावरचा उजेड अचानक गेला की पळायचं. नवखे मात्र बाईनं सोडून दिलं असं समजून उभे राहत. त्यांना टाके पडत.

ती टॉकीजच्या जनाना वर्गाची डोअरकीपर होती. बॅटरी टॉकीजच्या मालकीची. तीन सेलची, पितळी, एका बाजूनं चेपलेली. बाईचं खरं नाव आमच्या बोळात कुणालाच माहीत नव्हतं. आमचे बाबा जिनिंग फॅक्टरीत कामाला होते आणि आमच्या दोन खोल्यांना लागूनच तिची खोली होती. उंच, हडकुळी, तंबाखू खाणारी बाई. डावा हात कोपरात वाकडा जुळलेला होता, तो पुरता सरळ होत नसे. कुणी विचारलं तर ती आधी डावा हात पुढे करायची, मग उजवा.

"हा नवऱ्याचा. हा माहा."

अंजनगावकडच्या एका खेड्यात तिचं सासर होतं. नवऱ्यानं जळतणातल्या फाट्यानं तो हात मोडला. हात जुळेपर्यंत ती त्याच्याच घरी राहिली, आणि जुळला त्या दिवशी मुसळानं त्याचा गुडघा फोडून पायी अकोटला निघून आली. गुडघाच का, असं माझ्या आईनं तिला एकदा विचारलं. "मांगं येऊ नये म्हून," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

त्या टॉकीजची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खेळ सुटल्यावर बायका पुरुषांच्या गर्दीत सापडू नयेत म्हणून जनाना वर्ग आधी सोडायचे. शेवटचं रीळ लागलं की ऑपरेटर एक घंटी द्यायचा आणि ते संपत आलं की दुसरी. दुसऱ्या घंटीला बॅटरीबाई बाजूचं दार उघडून 'चला, सुटलं' म्हणायची आणि पोरांबाळांसकट सगळ्यांना टांग्यांच्या अड्ड्याकडे काढायची. हिरो-हिरॉईन एकमेकांना भेटले की आमचा पिक्चर संपला. 'समाप्त' ही पाटी मी वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत पाहिलेली नव्हती. कुणाची तक्रारही नव्हती. एखादी रेंगाळलीच तर बॅटरीबाई विचारायची, "आता नुसते नावं येतात. तुहं हाय काय त्याच्यात?"

पिक्चरची पेटी गुरुवारी यायची. दुपारी ऑपरेटर सगळी रिळं एकदा चालवून बघायचा, तेव्हा रिकाम्या टॉकीजमध्ये बॅटरीबाई एकटी बसलेली असे. शुक्रवारी सकाळी नळावर तिचा निकाल लागायचा. आधी चांगलं सांगायचं, मग वाईट सांगायचं, आणि शेवट कधीच सांगायचा नाही, हा तिचा नियम होता. वकिलांच्या घरच्या बायकासुद्धा मोलकरणीला विचारून घेत की बॅटरीबाई काय म्हणाली. ती एखाद्या पिक्चरला 'पोट दुखते म्हून सांगा अन् घरीच राहा' म्हणाली, तर त्या रविवारी जनाना वर्ग अर्धा रिकामा असायचा. मॅनेजर तिच्यावर यासाठी दात धरून होता.

तिनं मनापासून वाखाणलेला एकच पिक्चर मला आठवतो. आमच्याकडे त्याला सगळे विहिरीचा पिक्चर म्हणत. एक ठाकूर बायकोचा गळा आवळून तिला विहिरीत टाकतो, आणि ती भूत होऊन एकेकाला मारते : आधी गळा आवळताना पाय धरून ठेवणाऱ्या दिराला, मग कंदील धरणाऱ्या सासूला. दिराला ती पोहऱ्याच्या दोरानं वर ओढते आणि त्याची टाच दगडावर घासत जाते, तेव्हा आमच्या रांगेतली एक बाई ओकली होती. ठाकूर तेवढा वाचून पळून जातो. बॅटरीबाईचं म्हणणं असं, की या पिक्चरात भूत फार वेळा दिसत नाही आणि दिसतं तेव्हा काहीतरी काम उरकूनच जातं. शिवाय ते कधी चुकत नाही. ज्यानं केलं त्यालाच मारतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तिच्या मते भुताच्या गळ्यावर होती.

"तिच्या गयावरचे वळ पाह्यले काय? मेली, भूत झाली, तरी वळ हायेत. शेवटपावेतो हायेत. जेनं हे काम केलं त्याले मार ठाऊक हाय."

त्या वेळी ती वाक्यं मला नीट कळली नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीला कळली असावीत. ताईचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि ती अमरावतीहून चौथ्यांदा माहेरी आली होती. पहिल्या खेपेला पाठ सोललेली होती. दुसऱ्या खेपेला पुढचा दात अर्धा होता. तिसऱ्या खेपेला डोक्यावर रुपयाएवढ्या जागेत केसच नव्हते. चौथ्या खेपेला ती काही सांगत नव्हती, फक्त उजव्या कुशीवर झोपत नव्हती. भाऊजी अमरावतीला कापसाच्या अडत्याकडे कामाला होते. दर वेळी महिन्याभरात ते तिला न्यायला यायचे, आणि दर वेळी शेंदूरजनाघाटची संत्री टोपलीभर आणायचे. बाबांचे पाय धरायचे, स्वतःचे कान पकडायचे, खरोखर रडायचे. आई संत्री शेजारीपाजारी वाटायची आणि ताई सामान बांधायची. बॅटरीबाईनं आमच्याकडचं संत्रं कधी घेतलं नाही. "मले आंबट चालत नाई," म्हणायची. ती संत्री साखरेसारखी गोड असत.

अशातच विहिरीच्या पिक्चरचा दुसरा भाग आला. तेव्हा ही गोष्ट नवीन होती. एकदा संपलेला पिक्चर पुन्हा पुढे सुरू होतो याचंच लोकांना अप्रूप. शुक्रवारी सकाळी नळावर निकाल ऐकायला एवढी गर्दी झाली की घागरी बाजूलाच राहिल्या.

चांगलं तिनं आधी सांगितलं. ठाकूर दुसरं लग्न करतो आणि नव्या बायकोला झोडपतो, तो सीन पहिल्या भागाहून बरा आहे. त्यात बाजाच वाजत नाही. नुसता हाताचा आवाज, मग भांडं पडल्याचा, मग काहीच नाही. खरं घर असंच असतं, ती म्हणाली. कोरड्या वाड्यात ओल्या पावलांचे ठसे उमटतात तेही चांगलं. हिरॉईननं जीव ओतला आहे.

मग वाईट. भूत पहिल्याच रिळात समोर आणून उभं केलं. आता पुढे दाखवायला काय उरलं? मग तेच मोठं करून दाखवतात, नखं वाढवतात, डोळ्यांतून धूर काढतात, आणि भीती वाटायच्या जागी हसू येतं. स्मशानात गाणं कशाला? हसवायला एक आचारी घातला आहे, त्याच्यापायी दोन रिळं गेली. आणि भूत चुकतं. ज्या मोलकरणीनं काही केलं नाही तिला जिन्यावरून ढकलून मारतं. "पयल्या भागात भुताले अक्कल होती," बॅटरीबाई म्हणाली. "दुसऱ्यात नुसती ताकद हाय."

माझ्या आईनं सवयीनं विचारलं, शेवट चांगला आहे ना? बॅटरीबाई शेवट सांगत नसे, पण 'पाहा' तरी म्हणायची. त्या दिवशी ती तंबाखू थुंकली आणि घागर उचलून निघून गेली.

शुक्रवार-शनिवार गावात एक विचित्र गोष्ट झाली. नवरा-बायकोंचं जुळेना. बायका सांगत, भुतानं ठाकुराला मानगुटीला धरून विहिरीच्या काठावर आणलं आणि संपवलं. पुरुष म्हणत, काहीतरीच. ते माफ करतं. आमच्या बोळात यावरून एका घरी ताट फेकलं गेलं. ऑपरेटर रिळं कापतात, कधी उलटी जोडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दोष ऑपरेटरवर गेला. दुसरं कुणाच्या मनातही आलं नाही.

शनिवारी भाऊजी संत्री घेऊन आले. पाय, कान, रडणं झालं. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं ताईला नेतो म्हणाले, आणि रविवारी तीनच्या खेळाला आम्हा दोघींना पिक्चर दाखवतो म्हणाले. ते पुरुषांत बसले, आम्ही जनान्यात. दारात बॅटरीबाईनं ताईच्या तोंडावर एकदा उजेड टाकला, मग कुशीवर टाकला. आम्हाला तिनं दाराजवळच्या बाकावर बसवलं.

मारायच्या सीनला भांडं पडलं तेव्हा ताईनं माझं मनगट धरलं, ते पुढे दोन दिवस दुखत होतं. मग पडद्यावर विहीर आली. भुतानं ठाकुराला केसांना धरून फरफटत काठावर आणलं, त्याच्या कपाळाचं रक्त दगडावर सांडलं, आणि त्याच क्षणी पहिली घंटी झाली आणि बाजूचं दार धाडकन उघडलं. "चला, सुटलं." उन्हानं पडदा पांढरा झाला. आम्ही सगळ्या उठलो. बायका समाधानानं बाहेर पडल्या. एक म्हातारी म्हणत होती, बरा मेला.

टांग्यांच्या अड्ड्यावर भाऊजींना यायला बराच वेळ लागला. आले तेव्हा डोळे ओले होते. ते ताईला म्हणाले, "पाह्यलं? एवढं सारं झालं, तरी शेवटी नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं तिनं. बाई असावी तर अशी."

ताई म्हणाली, "तिनं तर त्याले मारलं."

ती भांडत नव्हती. पाहिलं ते सांगत होती. ती थट्टा करते आहे असं भाऊजींना वाटलं आणि चार टांगेवाले हसले, तेही त्यांनी ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. ताईनं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा त्यांनी तिचा अंबाडा धरला आणि उलट्या हातानं तोंडावर मारलं. बोटात अंगठी होती. ताईचा गाल डोळ्याखालपासून ओठापर्यंत फाटला. दुसरा फटका कानावर बसला, आणि ती खाली पडल्यावर त्यांनी तिच्या दुखऱ्या कुशीत लाथ घातली. दिवसाढवळ्या, पन्नासेक बायकांसमोर. कुणी हललं नाही. मीही हलले नाही. हे मी कुणाला सांगताना गाळत नाही.

बॅटरीबाई गल्लीतून चालत आली, पळत नाही. बॅटरी हातात होती, आणि उन्हातसुद्धा ती पेटलेली होती, कारण ती नुकतीच बाकांखाली राहिलेल्या चपला शोधत होती. भाऊजींच्या मागे उभी राहून तिनं बॅटरी विझवली. पहिला घाव डोक्यावर, दुसरा कानशिलावर. ते गुडघ्यावर बसले. तिसरा खांद्यावर बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला. चौथा टांगेवाल्यांनी अडवला.

मग मॅनेजर आला, पुरुषांचा लोंढा आला, आणि कोण काय म्हणालं यावरून सगळ्यांना एकदम उमगलं. ऑपरेटरनं वरच्या खिडकीतून ओरडून सांगितलं की त्याचं रीळ शाबूत आहे. बॅटरीबाईनं नाकारलं नाही. तीन दिवस ती दुसऱ्या घंटीची वाट न बघता पहिल्याच घंटीला दार उघडत होती. मॅनेजरनं तिला तिथल्या तिथं काढलं. "बॅटरी ठेव अन् नीघ," म्हणाला. तिनं बॅटरी पदराला पुसली, एकदा लावून बघितली, लागली, मग त्याच्या हातात दिली.

भाऊजींना दवाखान्यात नेलं. खांदा बांधून घेऊन ते त्याच रात्री अमरावतीला गेले. पंधरा दिवसांनी न्यायला येतो, तयार राहा, असा निरोप ठेवून. बाबांचं म्हणणं पडलं की आता तर पाठवायलाच हवं, जावयाचं डोकं आपल्या शेजारणीनं फोडलं. आई ताईच्या गालावर हळद दाबत होती. तेवढ्यात बॅटरीबाई दारात आली. ती आत कधी येत नसे, तेव्हाही उंबऱ्यातच बसली.

"पोरी, मी खोटं दाखवलं तुले. पिक्चरात थे माफ करते. त्याच्या पायावर डोकं ठेवते अन् आभायात जाते. हा मार तुले माह्यापायी पडला."

ते खरंच होतं. बाबा तिला म्हणाले, काय गरज होती? ती म्हणाली, "थो शेवट पाहून इथल्या चार बाया तरी सासरी परत जातील, असं वाटलं. मले त्या चार कोन हायेत ठाऊक हाय." मग ताईकडे पाहून, "त्यातली एक तू. आता तुले खरं सांगतलं. तुहं तू पाह्य."

बायकांनी मॅनेजरशी भांडण काढलं होतं की आमचं शेवटचं रीळ बाकी आहे. त्यानं सोमवारच्या तीनच्या खेळाला, शेवटच्या रिळापुरतं, जनाना वर्गात सोडायचं कबूल केलं. ताई म्हणाली, मला जायचं आहे. आईनं गालावर पट्टी बांधून दिली. त्या दिवशी दारावर मॅनेजर स्वतः उभा होता, हातात ती बॅटरी, ती कशी धरायची हे न कळून.

आम्ही शेवट पाहिला. ठाकूर हात जोडतो, भुताची नखं गळून पडतात, धूर थांबतो, ते पुन्हा नवी नवरी होतं. शालू, कपाळभर कुंकू. ते त्याच्या पायावर डोकं ठेवतं, तो रडतो, वरून उजेड पडतो. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. मग ती पाटी आली. मला ती पाटी वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. ताई पडद्याकडे टक लावून बघत होती.

मंगळवारी बॅटरीबाई अकोटच्या गाडीनं जायला निघाली. यात्रेत तंबू ठोकून पिक्चर दाखवणारा एकजण तिच्या ओळखीचा होता. एक गाठोडं, एक स्टोव्ह. आम्ही दोघी स्टँडवर गेलो. गाडी लागल्यावर ताईनं पट्टीआडून, ओठ फारसा न हलवता, तिला सांगितलं :

"शेवटच्या सीनमधी तिच्या गयावर वळ नव्हते. पयल्या भागात शेवटपावेतो होते. रंग लावून पुसले. वळ ठेवून माफी दाखवता आली नसती त्याईले."

बॅटरीबाई गाठोडं खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली. पिक्चरमधलं काही तिच्या नजरेतून सुटलं, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मले नाई दिसलं हे," ती म्हणाली. "गुरुवारी पाह्यलं तवा राग आला, मंग दार उघडाच्याच घाईत होती." मग गाठोडं उचलून म्हणाली, "उघडाच नोतं पाहिजे. बायाईले आपोआप दिसलं असतं." कंडक्टरनं घंटी दिली. ती सवयीनं दाराकडे वळली आणि चढली. खिडकीतून तिनं मागे पाहिलं नाही. ती तशी बाई नव्हतीच.

पंधरा दिवसांनी भाऊजी आले. एक हात गळ्यात बांधलेला होता, तरी संत्र्यांची टोपली दुसऱ्या हातात होती. बाबांनी ताईकडे पाहिलं. ताई दारात उभी राहिली आणि गाल पुढे करून म्हणाली, "हा वण गेला की येते." त्यांनी विचारलं, कधी जाईल? ती म्हणाली, "तुमीच केला, तुमाले ठाऊक." त्यांनी दोनदा हाक मारली, एकदा शिवी दिली, आणि टोपली पायरीवर ठेवून गेले. आईनं त्या खेपेला संत्री वाटली नाहीत, म्हशीला घातली. ताई पुढे शिवणकाम शिकली. तिला मुलंबाळं किती, असं लोक विचारतात. तिला मूल नाही, शिवणवर्गातल्या चाळीस मुली आहेत. वण अजून आहे.

बॅटरीबाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. अंजनगावच्या यात्रेत तिला तंबूच्या दारावर पाहिल्याचं कुणीतरी सांगितलं, तेही ऐकीव. मी नर्सिंग केलं आणि साठ साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर अमरावतीच्या एका दवाखान्यात लागले. रोग्यांचे डोळे बघायला मला एक बॅटरी मिळाली होती, दोन सेलची, हलकी. एकदा दुपारी चार वाजता, भेटीच्या वेळेला, एकजण आपल्या बायकोला खाटेवरून ओढून घरी न्यायला आला. तिच्या बरगड्या त्यानंच मोडल्या होत्या. मी तिच्या बुबुळांवर उजेड टाकत होते. मी त्याला दोनदा बाहेर जायला सांगितलं. त्यानं तिच्या वेणीला हात घातला.

मी बॅटरी विझवली. तो नवखा होता, उभाच राहिला.

टाके डॉक्टरांनी घातले. ड्रेसिंग मी केलं.